मोन्साल्वेचं अर्धं चरित्र

सुहासिनी परचुरेला मी पहिल्यांदा पाहिलं ते मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमध्ये, फॉस्टर स्ट्रीटवर, एका भाजीच्या दुकानात. मेथीची जुडी हातात धरून ती स्वतःशीच स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती. बाई मेक्सिकोकडची असावी असं मला वाटलं. मग तिनं दुकानदाराला विचारलं, "भैया, ये मेथी कलका है क्या?" त्या एका वाक्यातल्या हिंदीवरून ती पुण्याची आहे हे मला कळलं. मी हसले, तीही हसली, आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली.

मी फार्मासिस्ट. माझं दुकान तिथून जवळच. सुहासिनी शहरातल्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, स्पॅनिश शिकवायची, तेही सेमिस्टरच्या कराराने. नवरा विवेक डँडेनॉन्ग साउथला ट्रकचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. मुलगी ओवी नोकरीसाठी सिडनीला गेलेली, ब्लॅकटाउनला राहायची. घरात दोघंच. आणि एक तिसरा माणूस होता, जो एकोणिसाव्या शतकात कोलंबियात मरून गेला होता. त्याचं नाव एउसेबियो मोन्साल्वे. सुहासिनी त्याचं चरित्र लिहीत होती, आणि मी तिला भेटले तेव्हाच तिला त्या कामात दहाएक वर्षं झाली होती.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तिला कौतुकानं विचारलं, "क्रांतिकारक होता का हो तो?"

"नाही," ती म्हणाली. "कॉन्झर्व्हेटिव्ह होता. देव, चर्च, घराणं, शिस्त. क्रांतिकारकांना भिंतीशी उभं करणाऱ्यांतला."

विचारणारा मान हलवत प्रसाद घ्यायला गेला.

मला मात्र तिनं सगळं सांगितलं. एका दिवसात नाही. माझ्या स्वयंपाकघरात, चहा पिताना, तुकड्या-तुकड्यांनी.

मोन्साल्वे डोंगरातल्या एका गावाचा. बाप खेचरांवरून मीठ आणि तंबाखू वाहायचा. मुलगा हुशार निघाला म्हणून पाद्र्यांनी त्याला शिकवलं, तो वकील झाला. उंच, किडकिडीत, दम्यानं बेजार. गरिबांचे खटले फुकट लढायचा. राजकारणात त्याला रस नव्हता. मग उदारमतवाद्यांचं सरकार आलं. त्यांनी चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या, मठ बंद केले. मोन्साल्वेची धाकटी बहीण पंधराव्या वर्षापासून मठात होती. तिला एक बोचकं देऊन बाहेर काढलं. ती खेचरावर बसून घरी आली, पण घरात तिला राहताच येईना. उघड्या खिडकीच्या खोलीत ती झोपू शकत नसे. दुसऱ्या वर्षी ती गेली. तिला पुरून आला आणि मोन्साल्वे पक्षाच्या कामाला लागला.

राजधानीत उदारमतवादी असले तरी प्रांतात त्याच्याच पक्षाचं राज्य होतं, आणि पुढे तो जिल्ह्याचा प्रमुख झाला. आपल्याकडचा कलेक्टर म्हण. नदीवर पूल बांधला, जुगाराचे अड्डे मोडले, शाळा परत पाद्र्यांच्या हातात दिल्या. लाच कधी घेतली नाही. त्याचे शत्रूसुद्धा तसं म्हणत नसत.

तेवढ्यात राजधानीतून हुकूम आला की सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही. तशी एक नवी शाळा जिल्ह्याच्या गावात निघाली आणि तिच्यावर एक मास्तर आला, रोमान सेपेदा. पक्का उदारमतवादी, देव न मानणारा. या दोघांचं हाडवैर व्हायला हवं होतं. झाली मैत्री. रोज संध्याकाळी दोघं नदीकाठानं चालायचे आणि देव आहे की नाही यावर भांडायचे. मास्तरला मुलगी झाली. बायकोनं हट्ट धरला म्हणून बाप्तिस्मा करायचं ठरलं, आणि मुलीचा धर्मपिता म्हणून मास्तरनं मोन्साल्वेलाच बोलावलं.

"मुलीचा बाप आणि धर्मपिता, यांच्या नात्याला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे," सुहासिनीनं सांगितलं. "कोंपाद्रे. आपल्याकडे नाही तसा. व्याही म्हणता येत नाही, पण नातं तितकंच घट्ट. सख्ख्या भावाइतकं."

मग यादवी पेटली. कॉन्झर्व्हेटिव्ह लोक सरकारविरुद्ध उठले. डोंगरातली एक वाट सरकारी फौजेला कुणीतरी दाखवली, आणि आळ मास्तरवर आला. सकाळी कॉन्झर्व्हेटिव्हांचं सैनिकी कोर्ट बसलं आणि दुपारच्या आत शिक्षा ठरली. हुकमावर जिल्ह्याच्या प्रमुखाची सही लागत होती. मास्तरची बायको मुलीला घेऊन मोन्साल्वेच्या अंगणात येऊन बसली. तो बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं तिला पाणी नेऊन दिलं, बोलली मात्र नाही. सूर्य कलल्यावर त्यानं सही केली. स्मशानाच्या भिंतीशी मास्तरला गोळ्या घातल्या.

युद्ध ते हरलेच. मोन्साल्वे जमैकाला पळाला, कितीतरी वर्षं तिथं एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करत राहिला. मग पारडं फिरलं, त्याचा पक्ष सत्तेवर आला, त्याला मानानं परत बोलावून सिनेटर केलं. सिनेटमध्ये एकदा फाशी आणि गोळीच्या शिक्षेवर चर्चा निघाली. म्हातारा मोन्साल्वे बोलायला उठला. सगळे थांबले. तो बराच वेळ नुसता उभा राहिला आणि एक शब्द न बोलता खाली बसला. मेला तो आपल्या गावात, आपल्या बिछान्यात. अंत्ययात्रेला सगळा प्रांत लोटला. चौकात आज त्याचा पुतळा आहे.

"आणि त्या मास्तरबद्दल तो पुढे काय म्हणाला?" मी विचारलं.

"काहीच नाही. आयुष्यभर एक ओळ नाही. त्याचं हस्ताक्षर असलेलं सगळं मी वाचलंय, वीणा. डांबरट माणूस असता तर मी दोन वर्षांत सोडून दिला असता. हा चांगला माणूस होता. म्हणून सुटत नाही."

डँडेनॉन्गच्या बाजूला एका चर्चमध्ये रविवारी स्पॅनिशमध्ये प्रार्थना होते. सुहासिनीचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता, पण भाषा कानावर पडावी म्हणून ती अधूनमधून जायची. प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये कॉफी असते. तिथं एकदा तिच्या शेजारी एक सत्तरीची बाई बसली. निवृत्त नर्स, कोलंबियाची, चाळीस वर्षं मेलबर्नमध्ये. नाव ओफेलिया. गप्पा मारता मारता ओफेलियानं विचारलं, तुम्ही काय करता.

"चरित्र लिहितेय. एउसेबियो मोन्साल्वेचं. तुम्ही नाव ऐकलं नसेल."

ओफेलियानं कप खाली ठेवला. "माझं आडनाव सेपेदा," ती म्हणाली. "रोमान सेपेदा माझ्या आजोबांचे आजोबा."

सुहासिनी मला नंतर सांगत होती की तिच्या अंगावर काटा आला. आनंदानं. इतक्या वर्षांत तिला त्या घरातलं कुणी भेटलं नव्हतं. तिनं भराभर प्रश्न विचारायला सुरुवात केली. मास्तर दिसायला कसे होते, घरात काय सांगत, काही वस्तू उरल्या आहेत का. ओफेलियाला फारसं काही माहीत नव्हतं. ते गायचे असं आजी म्हणायची. कुठल्यातरी पायानं लंगडायचे. बस.

"ते आहेत तुमच्या पुस्तकात?" तिनं विचारलं.

"आहेत ना. त्यांच्याशिवाय पुस्तकच नाही."

"किती पानं?"

सुहासिनीला खोटं बोलता येत नसे. "तीन. साडेतीन असतील."

"आणि त्याची?"

"चारशेच्या वर."

ओफेलिया चिडली नाही. तिनं कप पुन्हा उचलला. "पुतळा त्याचा," ती म्हणाली. "रस्ता त्याच्या नावाचा. आणि आता तुम्ही इतक्या लांबून, भारतातून येऊन पुस्तकही त्याचंच करताय."

"मी त्याची बाजू घेत नाही."

"नसाल घेत. पण इतकी वर्षं सोबत त्याचीच केलीत."

मग तिनं कॉफी संपवली आणि बाहेर वारा सुटलाय म्हणून सुहासिनीला गाडीनं घरी सोडलं.

त्यानंतर सुहासिनी बरेच दिवस लिहायला बसली नाही. विवेकला वाटलं थकली असेल. मलाही तसंच वाटलं. पण त्याच सुमारास तिचा एकदा फोन आला. "वीणा, येताना ते आणशील का… अगं ते, पांढरं. दुधाचं. आंबट."

"दही?"

"हां, दही," म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पन्नाशीनंतर सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हटलं. पुढच्या महिन्यात ती वर्गात शिकवत असताना खिडकीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते तिला आठवेना. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा शब्द. ती खिडकीकडे बोट दाखवून उभी राहिली. एका मुलीनं शब्द सांगितला, पण तो ऐकूनही सुहासिनीला ओळखीचा वाटला नाही.

तपासण्या झाल्या. न्यूरॉलॉजिस्टनं स्क्रीनवर मेंदूचं चित्र दाखवलं आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं की शब्द सांभाळणारा भाग सुकत चाललाय. विचार, माणसांची ओळख हे आणखी काही काळ टिकेल. शब्द आधी जातील. सगळ्या भाषांतले. विवेक त्याच दिवशी माझ्या दुकानात आला. काउंटरच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "काहीतरी असेल ना गं? नवीन काही?" माझ्या मागे छतापर्यंत औषधं होती. मी नाही म्हटलं. तो मागच्या गिऱ्हाइकाला "सॉरी, मेट" म्हणून बाजूला झाला.

विवेक हिशेबी माणूस. त्यानं ठरवलं की आधी पुस्तक पूर्ण करायचं. दोनच प्रकरणं राहिली होती, जमैका आणि सिनेट. युनीतला एक सहकारी मदतीला तयार होता. प्रकाशकाला कळवलं, तेही थांबायला तयार झाले. सगळं जुळवून त्यानं सुहासिनीला सांगितलं. मी तिथंच होते.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"ते नाही करायचं. मास्तर. मास्तरवर लिहायचं."

"सुहास, दोन प्रकरणं राहिलीत. वर्षाचं काम आहे."

"वर्ष नाही माझ्याकडे. म्हणजे आहे. वर्ष आहे. पण त्यातलं… आतलं…" ती थांबली. तिनं मुठीत काहीतरी धरल्यासारखं करून मूठ उघडून दाखवली.

"म्हणून तर म्हणतोय, जे तयार आहे ते संपव! मास्तरवर काय मिळणार आहे तुला? त्याचे कागदच नाहीत. तूच म्हणायचीस."

"हो," ती म्हणाली. "नाहीत. म्हणून."

विवेक त्या दिवशी ओरडला. मी त्याला ओरडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षं, तो म्हणत होता, सोळा वर्षं मी त्या माणसाबरोबर एका घरात राहिलोय, आता शेवटी तू त्याला टाकून देणार? सुहासिनीनं त्याला बोलू दिलं. मग उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

ओफेलिया आठवड्यातून तीनदा येऊ लागली. जेवणाच्या टेबलावर काम चालायचं. मास्तरचे खासगी कागद नव्हतेच, पण त्यानं शाळेसाठी सरकारकडे वेळोवेळी केलेल्या मागण्यांच्या नकला सुहासिनीकडे होत्या. मोन्साल्वेच्या नादात तिनं त्या कधी नीट वाचल्याच नव्हत्या. त्यात मोठं काही नव्हतं. पाट्या हव्यात. खिडक्यांना काचा हव्यात, धुकं वर्गात येतं. मुलींनाही बसू द्यावं. एका मुलाला दिसत नाही, त्याला पुढे बसवलंय, त्याच्या बापाला समजवायला कुणीतरी यावं. यातून ती माणूस उभा करत होती, आणि रोज तिच्या हातातला एखादा शब्द गळत होता. आधी स्पॅनिश गेलं, मग इंग्रजी. शेवटी ती मराठीत सांगायची, विवेक ते इंग्रजीत करायचा आणि ओफेलिया स्पॅनिशमध्ये टाइप करायची. विवेक आधी रागानंच बसला होता. पण एक दिवस मी गेले तर तो ओफेलियाशी वाद घालत होता, की त्या डोंगरात धुकं सकाळी असतं की दुपारी.

जुन्या चारशे पानांतही तिनं एक काम केलं. "त्याला वाटलं असावं", "त्याच्या मनात आलं असणार", अशी जिथं जिथं तिनं मोन्साल्वेच्या वतीनं कारणं लिहिली होती, तिथं तिथं काट मारली. सहीच्या प्रकरणात तर फक्त अंगण, ती बाई, पाणी आणि सही एवढंच ठेवलं. विवेकनं विचारलं, "का केली सही? तुला काय वाटतं शेवटी?" तिनं खांदे उडवले. शब्द सापडत नव्हता म्हणून, की उत्तर नव्हतं म्हणून, ते आम्हाला कळलं नाही.

ओवी सिडनीहून लाँग वीकेंडला आली होती. रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली, डोळे सुजलेले.

"मावशी, हू इज श्यामा? आई मला सकाळपासून श्यामा म्हणतेय. केस विंचरून देते म्हणाली."

श्यामाबद्दल विवेकनं मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. त्यालाही जेमतेम माहीत होतं. मला सुहासिनीनं एकदाच सांगितलं होतं, ते मी ओवीला सांगितलं. श्यामला, घरातली श्यामा, ही सुहासिनीची मोठी बहीण. वडील साताऱ्यात संस्कृत शिकवायचे. गरीब मुलांना घरी ठेवून, जेवू घालून शिकवलं त्यांनी. सगळं गाव त्यांना मान द्यायचं. श्यामलानं जातीबाहेर लग्न केलं त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घरात उच्चारू दिलं नाही. ती तीनदा दारापर्यंत आली. ते आत बसून राहिले. तिसऱ्या खेपेला ती पोटुशी होती. बाळंतपणात गेली. तिकडचा निरोप घेऊन माणूस आला, वडिलांनी ऐकून घेतलं, आणि ठरलेल्या वेळेला शिकवणीला बसले. श्यामला आली तेव्हा धाकट्या सुहासिनीला दाराशी जाऊ दिलं नव्हतं. ती खिडकीतून बघत होती.

"अँड ही नेव्हर सेड एनीथिंग? आजोबा?"

"नाही. मरेपर्यंत नाही."

ओवी म्हणाली, "शी कुड हॅव टोल्ड मी." ती परत गेली आणि आईसमोर पाठ करून बसली. सुहासिनीनं तिचे केस विंचरले, तेल लावलं, वेणी घालायला घेतली. वेणी कशी घालतात ते तिला आठवलं नाही. तीन पेड हातात धरून ती रडायला लागली.

मास्तरवरचं लिखाण साठेक पानांचं झालं. प्रकाशकांनी फार सभ्यपणे कळवलं की आपण मोन्साल्वेचं चरित्र ठरवलं होतं. यात त्याचा शेवटच नाही, आणि मध्येच दुसऱ्याच माणसाचं एवढं मोठं प्रकरण आहे. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. पुस्तक निघालं नाही. तोपर्यंत सुहासिनीला त्याचा अर्थ लागत नव्हता, एवढंच बरं.

ओफेलियानं मास्तरची पानं स्पॅनिशमध्ये छापून घेतली आणि ती घेऊन कोलंबियाला गेली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या गावी जात होती. गावच्या शाळेत एका शनिवारी वाचन ठेवलं. थोडीच माणसं आली. पाद्री आला नाही. पुढच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा शेवटपर्यंत बसला होता. वाचून झाल्यावर तो उठला. "मी मोन्साल्वे," तो म्हणाला. "नदीवरचा पूल माझ्या पणजोबांनी बांधला. तुम्ही त्याच पुलावरून आलात." आणि निघून गेला. स्मशानाच्या भिंतीवर मास्तरच्या नावाची पाटी लावावी असा अर्ज ओफेलियानं केला. विचार करू, असं सांगितलं. अजून काही कळवलेलं नाही.

परत आल्यावर तिनं हे सगळं सुहासिनीला सांगितलं. तेव्हा सुहासिनी नोबल पार्कच्या एका केअर होममध्ये होती. ओफेलिया तिचा हात धरून, सावकाश, स्पॅनिशमध्ये बोलत होती. सुहासिनी तिच्या ओठांकडे बघत होती. म्हाताऱ्याचं ते पुलाचं बोलणं सांगताना ओफेलियाचा आवाज चढला, तशी सुहासिनीनं हात सोडवून घेतला आणि मांडीवरच्या शालीच्या दशा ओढत बसली.

"कळलं असेल का तिला?" बाहेर आल्यावर विवेकनं विचारलं.

"मला माहीत नाही," ओफेलिया म्हणाली. ती इतकी वर्षं नर्स होती. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती.

आता सुहासिनी बोलत नाही. गिळायलाही तिला जमत नाही, नुसतं पाणी दिलं तर ठसका लागतो. पाण्यात मिसळून ते दाट करायची पावडर असते, तिचा डबा मीच नेऊन देते. विवेकनं नोकरी लवकर सोडली. रोज दुपारी तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो, ते दाट पाणी चमच्यानं भरवतो आणि कारखान्यातले लोक, हवा, ओवीचा फोन, काय सुचेल ते बोलत राहतो. गेल्या गुरुवारी मी गेले तेव्हा तिनं एक चमचा गिळला. दुसऱ्याला तोंड मिटून घेतलं. विवेकनं चमचा परत वाटीत ठेवला, तिची हनुवटी पुसली, आणि ती तोंड उघडेपर्यंत वाट पाहत बसला.